चंदनाचं तेल: स्वभाव, खरं-खोटं आणि कशाला वापरायचं, कशाला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑनलाईन चंदन तेलाची १० मिलीची बाटली दोनशे रुपयांनाही मिळते आणि साडेतीन हजारांनाही, दोन्हीवर शंभर टक्के प्युअर लिहिलेलं, मग खरी कुठली? सासूबाईंच्या अंगाची उन्हाळ्यात आग होते त्यासाठी आणि स्वतःच्या चेहऱ्यासाठी हे तेल लावलं तर चालेल का? आणि घरात जुनं चंदनाचं खोड पडून आहे त्यातून घरच्या घरी तेल निघेल का? मी अत्तरं आणि सुगंधी तेलांच्या धंद्यात बरीच वर्षं आहे, तेल घेणं, तपासून घेणं, मिक्सिंग करणं हेच रोजचं काम, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी दोनशे रुपयांचं बघू कारण त्याला नाकसुद्धा लागत नाही, कॅल्क्युलेटर पुरतो. चंदनाच्या खऱ्या तेलाचा भाव किलोला लाखांतच असतो. समजा अगदी हात राखून दीड लाख रुपये किलो धरला, तर १० मिली म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास तेल, म्हणजे नुसता माल झाला साधारण १४५० रुपयांचा, त्यात बाटली, लेबल, जीएसटी, कुरियर, दुकानदाराचं कमिशन काहीच धरलेलं नाही. मग दोनशे रुपयांत जे येतं ते काय असतं? बहुतेक वेळा एखादं बिनवासाचं सॉल्व्हंट किंवा लिक्विड पॅराफिन आणि त्यात फॅक्टरीत बनवलेलं चंदनाच्या वासाचं केमिकल. ते विष असतं असं मी म्हणत नाही, देवघरात किंवा कपाटात वासासाठी ठेवायला चालेलही, पण त्याला चंदनाचं तेल म्हणू नका आणि अंगाला तर लावूच नका, कारण आत काय आहे ते विकणाऱ्यालाही धड माहीत नसतं. आणि हो, साडेतीन हजारांची बाटली महाग आहे म्हणून ती खरीच असेल असंही नाही, त्यावर पुढे येतो.

आता तेलाचा स्वभाव, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. आपल्या डोक्यात चंदनाचा वास म्हणजे साबण, अगरबत्ती आणि टाल्कम पावडर यांचा वास बसलेला असतो, तो गोड, ठसठशीत, खोलीभर पसरणारा असतो. खरं तेल तसं नसतंच मुळी. बाटली उघडून नाकाशी नेली तर पहिल्यांदा जवळजवळ काहीच जाणवत नाही, थोडं लाकूड, थोडं सायीसारखं काहीतरी, आणि माणूस म्हणतो अहो याला तर वासच नाही, फसवलंत. थांबा जरा. मनगटावर काडीच्या टोकाने टिपकाभर लावा आणि कामाला लागा, पंधरा-वीस मिनिटांनी तो वर यायला लागतो, मऊ, दुधाळ, किंचित गोडसर, आणि मग तासन् तास हलत नाही, कापडावर लागला तर दुसऱ्या दिवशीही असतो. यामागे केमिस्ट्री सरळ आहे. या तेलात मुख्यतः अल्फा-सँटालोल आणि बीटा-सँटालोल असतात, हे मोठे जड रेणू, त्यांचा उत्कलनबिंदू ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यामुळे ते हवेत उडायलाच तयार नसतात. लिंबाचं किंवा निलगिरीचं तेल बाटली उघडल्या उघडल्या अंगावर येतं, हे येत नाही. वासाचा जो खरा चंदनपणा आहे तो जास्त करून बीटामधून येतो, प्रमाणात तो अल्फापेक्षा कमी असला तरी. म्हणून माझा पहिला नियम असा की जे चंदन उघडताक्षणी नाकात घुसतं आणि अर्ध्या तासात गायब होतं त्यावर संशय घ्यायचा.

हा वास झाडाला येत नाही हेही सांगून ठेवतो, कारण पुष्कळांना वाटतं चंदनाच्या झाडाखाली उभं राहिलं की दरवळ येत असेल आणि म्हणून त्याला साप विळखे घालतात. उभ्या झाडाला वास नाही, पानांना नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडालाही नाही. तेल असतं ते फक्त आतल्या गाभ्यात आणि मुळांत, आणि मुळांत सगळ्यात जास्त. म्हणूनच म्हैसूरकडे पद्धत अशी की झाड कापायचं नाही, मुळासकट खणून काढायचं. आपल्याकडे पुण्यात बंगल्यांतली, संस्थांच्या आवारातली चंदनाची झाडं रातोरात कापून नेल्याच्या बातम्या येतच असतात ना, त्यात चोर घाईघाईत करवतीने बुंधा नेतो आणि सगळ्यात तेलकट भाग जमिनीतच सोडून जातो. बरं, आणि त्यातली कित्येक झाडं इतकी कोवळी असतात की आत गाभा जेमतेम अंगठ्याएवढा असतो, झाडही गेलं आणि हाती काही लागलं नाही.

तेल काढायचं म्हणजे गाभ्याचे आधी बारीक तुकडे आणि मग भुकटी करायची आणि तिच्यातून वाफ सोडायची, वाफेबरोबर तेल येतं, ती थंड केली की पाणी आणि तेल वेगळं होतं. ऐकायला सोपं वाटतं पण मघाशी म्हटलं तसे रेणू जड आहेत, ते सहजी निघत नाहीत, त्यामुळे एक घाणा दोन-दोन तीन-तीन दिवस चालू ठेवावा लागतो. पहिल्या काही तासांत जे येतं तेवढंच घेऊन भट्टी बंद केली तर इंधन वाचतं पण वास अपुरा येतो, शेवटी शेवटी येणारा भाग आला नाही तर तेलाला बूड राहत नाही. चांगल्या जुन्या गाभ्यातून वजनाच्या पाच-सहा टक्के तेल निघतं, कोवळ्या लागवडीच्या लाकडातून दोन टक्के आलं तरी लोक खूश असतात. आता तुमच्या खोडाचं गणित करा. पाव किलोचा तुकडा असेल तर सगळं जमून आलं तरी बारा-पंधरा ग्रॅम, आणि घरी कुकरला नळी लावून दोन दिवस गॅस जाळलात तर त्यातलं बरंचसं नळीला आणि भांड्याला चिकटून बसणार. यूट्यूबवर दाखवतात तसं खोबरेल तेलात चंदनाचे तुकडे उकळले तर मिळतं ते चंदनाचा हलका वास लागलेलं खोबरेल. वाईट नाही, पण ते हे तेल नव्हे. खोड तसंच ठेवा, सहाणेवर उगाळा, त्याचा त्याहून चांगला उपयोग दुसरा नाही. नव्वद वर्षांच्या लाकडाचाही आतला वास जात नाही, वरचा थर घासला की परत ताजा.

म्हैसूरचं नाव या तेलाला का चिकटलं ते थोडं सांगतो. टिपू सुलतानाने १७९२ मधे चंदनाला राजवृक्ष ठरवलं, म्हणजे झाड कुणाच्याही जमिनीत असो, मालकी सरकारची. पुढे वडेयर घराण्याच्या काळातही तेच चालू राहिलं. पण गंमत अशी की लाकूड म्हैसूरचं आणि तेल मात्र परदेशात, मुख्यतः जर्मनीत निघायचं. १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं, गिऱ्हाईक बंद, लाकडाचे ढीग पडून राहिले. तेव्हा महाराज नाल्वडी कृष्णराज वडेयर आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी ठरवलं की तेल इथेच काढायचं. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या सडबरो आणि वॉटसन या केमिस्ट लोकांनी पद्धत बसवून दिली आणि १९१६ मधे संस्थानाचं स्वतःचं उत्पादन सुरू झालं. त्या तेलाचा साबण १९१८ मधे आला, तो आजही तुमच्या-आमच्या बाथरूममधे आहे. खाजगी जमिनीतल्या झाडावर मालकाचा हक्क मात्र कर्नाटकात २००१ मधे आणि तामिळनाडूत २००२ मधे कायदा बदलल्यावरच आला. तोपर्यंत शेतकऱ्याला बांधावर चंदन उगवलं की डोक्याला तापच वाटायचा, पोलीस आणि चोर दोघांचाही, मग लावणार कोण? जंगलं रिकामी व्हायला चोरी तर कारण आहेच, स्पाइक नावाचा रोगही आहे, पण हा कायदाही आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

इथलं लाकूड कमी पडल्यावर बाजारात बाकीची चंदनं आली, त्यामुळे बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव वाचायची सवय लावून घ्या. सँटॅलम आल्बम लिहिलं असेल तर ते आपलं चंदन, पण भारतातलंच असेल असं नाही, कारण पश्चिम ऑस्ट्रेलियात कुनुनुरा भागात याच जातीची मोठी लागवड आहे आणि ते तेल चांगलं असतं, उगाच नाक मुरडू नये. सँटॅलम स्पिकॅटम लिहिलं असेल तर ती ऑस्ट्रेलियातली मूळची जंगली जात, सँटालोल बरंच कमी, वास कोरडा, थोडा राळेसारखा, स्वतःच्या जागी ठीक पण भाव कमी असायला हवा. अमायरिस असेल तर ते चंदन नाहीच, हैतीकडचं झाड, लिंबाच्या कुळातलं, जुन्या व्यापाऱ्यांनी त्याला वेस्ट इंडियन सँडलवुड म्हणून खपवलं आणि ते नाव अजून चालतं. आणि रक्तचंदनाचं तेल म्हणून जे विकतात ना, तिथे तर हात जोडावेत. रक्तचंदन हे शेंगांच्या कुळातलं वेगळं झाड, लाकडाला रंग असतो, वास नसतो, मग सुगंधी तेल येणार कुठून.

खरं-खोटं ओळखायच्या घरगुती टेस्ट म्हणून जे फिरतं त्यातलं निम्मं चंदनाला लागू होत नाही. कागदावर थेंब टाका, डाग राहिला तर भेसळ, ही टेस्ट पुदिना किंवा निलगिरीसारख्या उडणाऱ्या तेलांसाठी ठीक आहे, पण चंदनाचं अस्सल तेलसुद्धा कागदावर दिवसेंदिवस बसून राहतं, मग खऱ्या मालालाच खोटं ठरवाल. लॅबमधे एक जुनी साधी टेस्ट करतात, ७० टक्के अल्कोहोलच्या पाच पट भागात चांगलं तेल स्वच्छ विरघळतं, एरंडेल किंवा पॅराफिन मिसळलेलं असलं की गढूळ होतं. पण हुशार भेसळवाला अल्कोहोलमधे विरघळणारंच सॉल्व्हंट घालतो, तो यात सुटू शकतो. शेवटी खात्री फक्त जीसी रिपोर्टने, म्हणजे तेलातला कुठला घटक किती टक्के आहे ते सांगणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफी या लॅब-तपासणीच्या कागदाने. आयएसओ ३५१८ या मानकाप्रमाणे अल्फा-सँटालोल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा १६ ते २४ टक्के असायला हवं. विकणाऱ्याला त्याच बॅचचा रिपोर्ट मागा, बॅच नंबर बाटलीवरचा आणि कागदावरचा जुळतो का बघा, आणि 'आमचं तेल इतकं प्युअर आहे की रिपोर्टची गरजच नाही' असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. मघाच्या साडेतीन हजारांच्या बाटलीलाही हेच.

आता सासूबाईंची आग. इथे मी सरळ नाही म्हणतो, आणि त्याचं कारण असं की थंडावा देतं ते उगाळलेलं चंदन, तेल नव्हे. सहाणेवर पाण्यात उगाळलेला ओला लेप त्वचेवर वाळत जातो, त्यातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं म्हणून गार वाटतं. पंढरपुरात उन्हाळ्यात विठ्ठलाला चंदनउटी लावतात ती उगाळलेल्या चंदनाचीच, कुणी बाटलीतलं तेल चोळत नाही. तेलात पाण्याचा थेंब नाही, ते उडतही नाही, त्वचेवर ते गार करत नाही, उलट कॅरियर तेलाबरोबर, म्हणजे पातळ करायला घेतलेल्या बदाम वगैरे साध्या तेलाबरोबर, चोळलं तर उन्हाळ्यात चिकचिकच वाटेल. त्यांच्यासाठी तुमचं ते घरातलं खोड काढा, कपाळाला, तळपायाला पातळ लेप लावा, वाळला की धुवून टाका. आणि सतत आग होत असेल तर डायबेटिस, व्हिटॅमिन बी१२ वगैरे एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, तळपायांची जळजळ पुष्कळदा तिथून येते, त्यावर वरून काही लावून भागत नाही. अजून एक घोळ नेहमी होतो, आयुर्वेदिक दुकानात चंदनबला लाक्षादी तेल मिळतं, ते तिळाच्या तेलात औषधी सिद्ध केलेलं मालिशचं तेल आहे, ते आपण बोलतोय ते सुगंधी तेल नाही. तसंच या सुगंधी तेलाचे चार थेंब टाकून ते चंदनबला होत नाही. दोन्ही वेगळ्या वस्तू.

चेहऱ्यासाठी लावू शकता, पण बेताने आणि अपेक्षा बेताची ठेवून. थेट बाटलीतून कधीच नाही. १० मिली बदाम किंवा जोजोबा तेलात दोन-तीन थेंब, हे झालं साधारण एक टक्का, चेहऱ्याला तेवढं पुष्कळ. शरीरावर कुठेही दोन टक्क्यांच्या वर जाऊ नका, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट बघा, कारण चंदनाची ॲलर्जी कमी असली तरी असते, पुरळ उठलेली माणसं मी बघितली आहेत. पिंपल जातात, डाग जातात, गोरेपणा येतो वगैरे जे लिहिलेलं असतं त्यातलं गोरेपणाचं तर सोडूनच द्या, बाकीच्यालाही दावा मोठा आणि पुरावा लहान असं आहे. एक संशोधन फार फिरवलं जातं, २०१४ मधे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्वचेच्या पेशींवर एक वासाचा रिसेप्टर असतो आणि चंदनाच्या वासाने तो चेतवला की लॅबमधे जखम भरण्याची क्रिया वेगाने होते. विकणारे हे सांगतात, पण हे सांगत नाहीत की तिथे वापरलेलं द्रव्य सँडलोअर नावाचं कृत्रिम केमिकल होतं, झाडाचं तेल नव्हतं! आणि पोटात घ्यायचं तर नावच काढू नका. अँटिबायोटिक्स यायच्या आधी गनोरिया या गुप्तरोगासाठी याच्या कॅप्सूल द्यायचे डॉक्टर लोक, औषधांच्या अधिकृत यादीत होतं ते, पण तो काळ गेला, आज घरी कुणी दुधात थेंब टाकून पीत असेल तर थांबवा. गरोदरपणात आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डिफ्युझरमधे घालू का असंही पुष्कळ जण विचारतात, घालू नका, एवढं महाग घट्ट तेल, ते उडतही नाही नीट आणि मशीन तेवढं चिकट होतं.

मग याचा खरा उपयोग काय? वास धरून ठेवणं. यात याला तोड नाही, आणि माझ्या मते या तेलाची सगळी किंमत इथे आहे, डॉक्टरकीत नाही. उत्तर प्रदेशात कनौजला पारंपरिक अत्तर काढतात तिथे तांब्याच्या देगेत गुलाब किंवा मोगरा पाण्यात घालून खाली चूल पेटवतात, बांबूच्या चोंग्यातून वाफ भपक्यात, म्हणजे ती जमा करायच्या भांड्यात, येते, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल भरलेलं असतं. फुलाची वाफ त्या तेलात उतरते, तेल ती धरून ठेवतं, खाली साचलेलं पाणी काढून टाकतात आणि त्याच तेलावर परत नवी फुलं चढवतात, असं दिवसामागून दिवस. स्वतःचा वास मागे ठेवून दुसऱ्याचा वास पुढे करणं हे मोठ्या मोठ्या सुगंधी द्रव्यांना जमत नाही. मातीचं अत्तर असतं ना, पहिल्या पावसाच्या वासाचं, तेही असंच, भाजलेल्या मातीची वाफ चंदनात उतरवलेली. आता भाव इतके चढले की कनौजमधेही पुष्कळ ठिकाणी भपक्यात चंदनाऐवजी डीओपी नावाचं बिनवासाचं केमिकल नाहीतर पॅराफिन असतं. फरक कुठे कळतो तर लावल्यावर दोन-तीन तासांनी, फूल उडून जातं आणि खाली काही उरत नाही. अस्सल चंदनावरचं असेल तर फुलाच्या जागी हळूहळू चंदन येतं, कानामागचा फाया संध्याकाळीसुद्धा जिवंत असतो.

तुम्हाला तेलाची मजा घ्यायचीच असेल तर दोन-तीन मिली खरं तेल घ्या, त्यातलं एक मिली छोट्या बाटलीत काढून त्यात खस किंवा मोगऱ्याचे एक-दोन थेंब टाका, जास्त नाही, आणि महिनाभर बाटली विसरून जा. पहिल्या दिवशी दोन वास वेगवेगळे येतील, महिन्याने एकच येईल. लावताना काडीचं टोक पुरे.

शेतकरी मंडळींचेही यावर नेहमी मेसेज येतात म्हणून एवढं लिहितो. चंदन लावा आणि बारा वर्षांत करोडपती व्हा अशी रोपं विकणारे गावोगाव फिरतायत, त्यांच्या कागदावरचा भाव जुन्या जंगली गाभ्याचा असतो आणि वजन तुमच्या कोवळ्या झाडाचं धरलेलं असतं. चंदन अर्धपरजीवी आहे, त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून अन्नपाणी घेतात, त्यामुळे सुरुवातीला तूर आणि पुढे करंज, सुरू, शेवरी असं काहीतरी सोबतीला लागतंच, नुसती चंदनाची रांग लावली तर पिवळी पडून बसेल. गाभा धरायलाच बहुतेक ठिकाणी दहा वर्षं जातात, आणि त्यात सँटालोल भरायला त्याहून पुष्कळ जास्त. महाराष्ट्रात चंदन वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, तोडायला आणि न्यायला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून लावल्याबरोबर सातबाऱ्यावर नोंद करून घ्या, तोडायच्या वेळी धावाधाव नको. राखणीचा खर्च कुणीच सांगत नाही, शेवटची काही वर्षं तोच सगळ्यात मोठा असतो.

आता एवढं सगळं वाचून बाटली घेतलीत तर ती ठेवायची कशी, गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, रबरी ड्रॉपर लावून ठेवू नका, तेलाच्या वाफेने रबर मऊ पडतं आणि त्याचा वास तेलाला लागतो, साधं घट्ट झाकण हवं. फ्रिजची गरज नाही, कपाटात अंधारात ठेवा. लिंबू-संत्र्याची तेलं वर्षभरात बिघडतात तसं याचं होत नाही, नीट ठेवलं तर कित्येक वर्षं टिकतं आणि नव्या तेलाला जो थोडा कच्चा, भट्टीचा वास असतो तो जाऊन उलट गोलाई येते. थंडीत घट्ट झालं तर बाटली थोडा वेळ मुठीत धरा, गॅसजवळ नेऊ नका.